निंबधरीची तेलविहीर

तेल शोधायला पाणाडी बोलावणारी कंपनी साऱ्या देशात एकच असेल, आणि मी तिच्यात नोकरीला आहे.

पाणाडी म्हणजे तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालणारा आणि नारळ उभा राहिला की "इथं बोर मारा" म्हणणारा माणूस. आमच्या आदिलाबादकडे त्याला विचारल्याशिवाय कोणी बोरची गाडी बोलवत नाही. निंबधरीचे भगवंतराव हे त्यातलं मोठं प्रस्थ. त्यांनी दाखवलेले कोरडे बोर गावभर झाकणं लावून उभे आहेत, तरी त्यांचा रुबाब तसूभरही कमी झालेला नाही. बोर कोरडा निघाला की ते गाडीवाल्याच्या नावानं खडे फोडतात. म्हणे त्यानं हातभर बाजूला मारला.

ही विद्या आमच्या ईशान सरांच्या कानावर कोणी घातली, देव जाणे. ईशान सर आमचे मुख्य भूवैज्ञानिक. राहतात हैदराबादला, बोलतात पुण्याचं, आणि चुकतात इंग्रजीत, त्यामुळे ते चुकले हे कोणाच्या पटकन लक्षात येत नाही. गुडीहत्नूरहून हमरस्ता सोडून आत शिरलं की निंबधरी लागतं. तिथल्या गायरानात त्यांनी नकाशावर तीन खुणा केल्या होत्या. तिन्ही जागांच्या बाजूने पुरावा सारखाच होता, म्हणजे कुठेच नव्हता. एक निवडायची होती. सरांनी गुपचूप भगवंतरावांना बोलावलं. नारळ मधल्या खुणेवर ताठ उभा राहिला आणि रिपोर्टात आलं, 'उपलब्ध भूभौतिक माहितीचा साकल्याने विचार करून.'

मी यामिनी. घर आदिलाबाद शहरात. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात पेशकार होते, तेव्हापासून आम्ही इथलेच. माझं काम लॉग वाचण्याचं, म्हणजे बोरच्या आत यंत्र सोडून खालचे दगड ओळखण्याचं. पण कंपनीनं मला निंबधरीला धाडलं ते वेगळ्याच गुणावर. "तू तिथली आहेस, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलशील," असं सर म्हणाले. इतकी वर्षं शिकून मी शेवटी दुभाषी झाले.

पहिलं बोलणं ग्रामसभेत झालं. गायरान द्यायचं की नाही, यावर गाव अडून बसलं होतं. गावात पाण्याची टाकी आहे, घरोघरी नळ आहेत, टाकीच्या उद्घाटनाचा चकचकीत दगडही आहे. पाणी तेवढं यायचं राहिलं आहे. बाया लक्ष्मणरावांच्या मळ्यातल्या विहिरीवरून हंडे आणतात, आणि उन्हाळ्यात ती विहीरही तळ दाखवते. म्हणून सरपंच रेणुकाबाईंनी सरळ सौदा मांडला.

"तेल निंगालं तं तुमचं. आमाले तेलाचं काय करा लागते? पन नाई निंगालं तं बोर गावाचा. आमी मोटर टाकू, पाणी पिऊ. मंजूर असन तं बोला."

ईशान सरांनी हात जोडले. "नक्की, नक्की. शब्द देतो."

त्या शब्दावर रेणुकाबाईंनी आख्खं गाव राजी केलं. जे अडले त्यांच्या घरी जाऊन बसल्या. "माह्या जबानीवर द्या," म्हणाल्या. मी हे सगळं स्वतः पाहिलं आहे, म्हणून सांगते.

बोर मारणारी रिग आली, कापसाच्या शेतांच्या कडेला धडधडायला लागली. वर येणारा दगडाचा चुरा मी रोज हुंगत होते. तेलाचा वास असा की एकदा नाकात बसला की विसरत नाही. इथं चुऱ्याला ओल्या भिंतीचा वास. निळ्या दिव्याखाली तेलकट चुरा चमकतो, हा तसाच मख्ख राहिला. साडेतीनशे मीटरच्या आसपास तर रिगवाल्यांनी आत सोडलेला चिखलच पातळ होऊन वर आला. कुठून तरी त्यात पाणी शिरत होतं. ते कुठून, हे मला इमेज लॉगनं दाखवलं.

हा लॉग समजायला अवघड नाही, आमच्या लोकांनीच तो अवघड करून ठेवला आहे. एक लांब लोखंडी यंत्र बोरमध्ये सोडतात. त्याला हात असतात, हातांना गाद्या, आणि गाद्यांवर शर्टाच्या गुंडीहून लहान बटणं. यंत्र वर ओढताना ती बटणं भिंतीत वीज सोडतात. वीज सहज शिरली तर चित्रात काळा रंग उमटतो, अडली तर पिवळा. गोल भिंत उभी चिरून सपाट पसरली की झालं बोरच्या पोटातलं चित्र. साधे लॉग बोटभर जाडीचे थर ओळखत नाहीत, सगळ्याची सरासरी काढून मोकळे होतात. इमेजमध्ये मात्र बोटभर थरही सुटत नाही. मातीचा दगड त्यात काळा दिसतो. वाळूच्या दगडात तेल भरलेलं असलं तर तो पिवळा दिसतो. आणि गोडं पाणी भरलेलं असलं, तरी पिवळाच दिसतो.

हे शेवटचं वाक्य आमच्या कंपनीत कोणाला आवडत नाही.

निंबधरीच्या बोरमध्ये वरपासून खालपर्यंत मातीचा दगड होता, आणि साडेतीनशेच्या टप्प्यात वाळूच्या पातळ पट्ट्या, एकीखाली एक. सुंदर चित्र होतं. मी ते सरांना पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी सर स्वतः साइटवर हजर झाले. लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवला. माझं काळंभोर चित्र त्यांनी आख्खं पिवळ्या पट्ट्यांनी भरून टाकलं होतं.

"बघ, किती थर!"

"सर, हे रंग तुम्ही वाटून दिलेत."

आता ही रंगवाटपाची गंमत सांगायला हवी. हे चित्र रंगवायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत सगळ्या बोरला एकच माप लावतात. दुसरीत दर हातभर तुकड्याला रंग नव्याने वाटतात. त्या तुकड्यात जे त्यातल्या त्यात कमी काळं, ते पिवळं ठरतं. आख्खा वर्ग नापास झाला तरी कोणाचा तरी पहिला नंबर येतोच ना, तसं. थर कसे कललेत, कुठे तुटलेत हे बघायला ही तऱ्हा उत्तम. पण त्या पिवळ्याची जाडी मोजून 'एवढी वाळू मिळाली' म्हणणं ही शुद्ध लबाडी.

"सगळं जग असंच रंगवतं," सर म्हणाले.

"ठेवण बघायला, जाडी मोजायला नाही. आणि जे थर खरे आहेत त्यात तेलाची खूण नाही, सर. वास नाही, चमक नाही, चिखल पातळ झालाय. ते पाणी आहे. एक नमुना वर काढू या. बाटलीत दिसेलच काय आहे ते."

सरांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"टेस्ट केली तर कळेल ना!"

"कळावं म्हणूनच तर टेस्ट करतात."

"यामिनी, तू हुशार आहेस पण तुला कंपनी कळत नाही. कळलं की विषय संपतो. आज आपल्याकडे काय आहे? शक्यता आहे. हेड ऑफिस शक्यतेवर चालतं. उद्या तू बाटली आणून टेबलावर ठेवलीस, की राहिलं काय? बाटली." त्यांनी लॅपटॉप मिटला. "थरांच्या रिपोर्टावर तुझी सही लागेल. 'तेलाची शक्यता' एवढंच लिही. मी काही खोटं लिही म्हणत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सही करणार नाही म्हणून सांगितलं आणि तडक गावात गेले. मला वाटलं, रेणुकाबाईंना बातमी ऐकून आनंद होईल. त्या ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या.

"मावशी, तेल नाही. पाणी आहे, गोडं. सर नुसतं 'तेलाची शक्यता' लिही म्हणतात, पण मी पाणीच लिहिणार आहे."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "देवा! मंग बोर आमचा झाला?"

तेवढ्यात भगवंतराव पान चघळत आले. पाणी म्हटल्याबरोबर त्यांची छाती फुगली. नारळाची हकिकत मला तेव्हा कळली.

"सायबानं मले बलावलं तवाच म्या सांगतलं, माह्या नारळाले तेल समजत न्हाई. तो पाण्याचा नारळ हाय. सायब म्हणे, तुमी ठेवा तं खरं. ठेवला. उभा राह्यला. आता पाण्यावर उभा राह्यला तं माही काय चूक?"

आयुष्यभर कोरडे बोर दाखवून भगवंतरावांचा नारळ एकदाचा बरोबर आला होता, आणि तोही गिऱ्हाईकाला नको असलेल्या मालावर. मला हसू आवरेना. रेणुकाबाई हसल्या नाहीत. त्यांना कागदावर पक्कं हवं होतं. मी तिथूनच सरांना फोन लावला, स्पीकर चालू करून.

"सर, तेल नाही असं ठरलं तर बोर गावाला द्यायचा शब्द दिलाय आपण."

"अगं, तो द्यायचा नसतो," सर सहज म्हणाले. "तेलाच्या परवान्यावर मारलेली विहीर कोरडी निघाली की तळापासून वरपर्यंत सिमेंट भरून बुजवायची, वर लोखंडी पत्रा वेल्ड करून लावायचा. नियम आहे. पाण्याच्या बोरचा परवाना वेगळा, खातं वेगळं. तो काढेपर्यंत आपण थांबणार आहोत का?"

"मग शब्द कशाला दिला?"

"ग्रामसभेत आणखी काय देतात?"

मी फोन बंद केला. रेणुकाबाईंचा चेहरा बघवेना. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खाली मान घालून ज्वारीतले खडे वेचत बसल्या. ज्या घरांत बसून त्यांनी शब्द टाकला होता, त्या घरांपुढून आता त्यांना रोज हंडा घेऊन जायचं होतं. मला माझ्या कंपनीची मनापासून शरम वाटली. माझं खरं बोलणं म्हणजे सिमेंटची पोती. मी लिहिलं 'पाणी' की दुसऱ्या दिवशी पाण्यावर सिमेंट.

खडे वेचता वेचता त्यांनी विचारलं, "आन तेल लिहिलं तं?"

"काय?"

"तुमी तेल हाय म्हणून लिहिलं, तं बोराचं काय करतेत?"

"मग बुजवत नाहीत. जाळीचा पाइप घालून ठेवतात. आतल्या थरात नक्की काय आहे त्याची चाचणी करतात."

"चाचणी कशी असते?"

"मोटर सोडायची. आतलं उपसायचं. काय निघतं ते बघायचं."

"काय निंगन?"

"पाणी."

"किती दिस उपसतेत?"

"तेल येईपर्यंत, नाही तर येणार नाही अशी खात्री होईपर्यंत."

रेणुकाबाईंनी वर पाहिलं. "मंग उपसत राहा ना, बाई. तुमाले कोन नाई म्हणून राह्यलं?"

भगवंतरावांचं पान तोंडातच राहिलं.

मी रेणुकाबाईंवर उखडले, हे कबूल करायला हवं. दोन तासांपूर्वी ज्या वाक्यावर सही करणार नाही म्हणून मी साहेबाशी भांडले, तेच वाक्य आता सरपंच मागत होती. मी म्हटलं, "मावशी, माझं नाव जाईल त्यावर. मला खोटं लिहायला सांगू नका."

"खोटं कायले लिहिता? तेल हाय म्हणू नका. नाई म्हणू नका. तुमचा सायब तसाच बोलते का नाई?"

आदिलाबादला जाताना बसमध्ये मी स्वतःशीच भांडत होते. आपण नमुना काढलेला नाही. नमुना काढल्याशिवाय थरात तेलाचा थेंबही नाही असं छातीठोकपणे कोणीच म्हणू शकत नाही. हे शास्त्र आहे. हेच शास्त्र काही तासांपूर्वी सरांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी सहीला नकार दिला होता, आणि आता तेच मला सोयीचं वाटत होतं. माणूस किती लवकर शिकतो!

रिपोर्ट लिहायला मी पहिल्यांदाच इतकी मेहनत घेतली. सरांची पिवळी पानं मी घेतली नाहीत. माझं काळंभोर चित्रच लावलं, खऱ्या पट्ट्यांवर बाण दाखवून. मग लिहिलं, 'पातळ वालुकाश्म थरांतील द्रव विजेला अडवणारा आहे. त्याचे स्वरूप केवळ चित्रावरून ठरवता येत नाही. तेलाची शक्यता सध्या नाकारता येत नाही.' यातला शब्दन् शब्द खरा आहे. त्याखाली शिफारस केली, 'थर अतिशय पातळ असल्याने त्यांतील द्रव हळूहळू बाहेर येईल. सुरुवातीला पाणीच येण्याची दाट शक्यता आहे. म्हणून दीर्घकाळ, अखंड उपसा करून निरीक्षण करावे.' आणि शेवटी एक कलम, 'उपसलेल्या पाण्याची विल्हेवाट कंपनीने खर्च करून लावण्यापेक्षा ग्रामपंचायतीकडे सोपवावी.'

ईशान सरांचा फोन आला तो आनंदानं फुललेला. "हे 'दीर्घकाळ' फार छान सुचलं तुला! आणि विल्हेवाटीचं तर उत्तमच. त्या सांडपाण्याची मला काळजी लागली होती."

हेड ऑफिसनं इतक्या झटपट मंजुरी दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. तेल लागलं असं कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून कोणाला जबाबदारी नव्हती. तेल नाही असंही कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून सगळ्यांना उत्साह होता. पाइप आला, मोटर आली, कुंपण पडलं. कुंपणावर पाटी लागली, 'सावधान. तेलविहीर. आग लावण्यास सक्त मनाई.' ग्रामपंचायतीनं विल्हेवाटीची जबाबदारी एकमतानं स्वीकारली. विहिरीपासून गावच्या टाकीपर्यंत लाइन टाकली, आणि त्या टाकीनं उद्घाटनानंतर पहिल्यांदा पाणी पाहिलं. मी ते पाणी तपासायला पाठवलं, आमच्या पैशानं, तेलाच्या नावाखाली. पिण्यायोग्य निघालं. ज्या दिवशी नळ सुटला त्या दिवशी बाया नुसत्या बघत उभ्या राहिल्या, हंडा लावायचं कोणाला सुचेना. रेणुकाबाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि माझे डोळे भरून आले. त्या दिवशी नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा मला आपल्या विद्येचा अभिमान वाटला, आणि विद्या कुठे वापरली ते आठवून थोडं हसूही आलं.

चाचणी जोरात चालली. दर महिन्याला मी अहवाल पाठवत होते. 'निघालेल्या द्रवात सध्या पाण्याचे प्रमाण पूर्ण आहे.' सर त्यातला 'सध्या' ठळक करून पुढे पाठवत. हैदराबादच्या सादरीकरणात निंबधरीचं नाव आलं की टाळ्या पडत, असं ऐकलं. गावात मात्र एक नवीच धास्ती शिरली होती. चुकून खरंच तेल लागलं तर? कोणाच्या हंड्यात जरा तवंग दिसला की आख्खी आळी गोळा व्हायची. एकदा मोटरच्या ग्रीसचा वास आला तर रेणुकाबाईंनी मला सकाळीच फोन केला. "बाई, तेल तं नाई नं?" मी ग्रीस आहे म्हटल्यावर त्यांनी तिथूनच ओरडून सगळ्यांना सांगितलं, आणि मागे जल्लोष झालेला मला ऐकू आला. तेल नाही म्हणून जल्लोष करणारी तेलविहीर जगात ही एकच असणार. भगवंतराव तर छातीवर हात मारून सांगत, "माहा नारळ हाय तो. तेल येऊच शकत न्हाई."

आणि मग व्हायचं तेच झालं. हेड ऑफिसनं विचारलं, एवढं उपसून झालं, आता निकाल काय? ईशान सर निकाल लावायला येतायत, असा निरोप आला.

निकाल म्हणजे सिमेंट. रेणुकाबाईंना वेगळं सांगायची गरज पडली नाही. सर गाडीतून उतरले तेव्हा त्या कुंपणाशी उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे निम्मं गाव. कोणी घोषणा दिली नाही की दगड उचलला नाही. सगळे नुसते सरांच्या तोंडाकडे बघत होते. सरांनी मीटर पाहिलं, मोटर पाहिली, पाइपावर हात ठेवला. मग पाइप कुठे जातो ते बघत बघत ते टाकीपर्यंत चालत गेले. मी मागे. टाकीखालच्या नळावर एक म्हातारी नातवाचं डोकं धूत होती, दोन पोरी हंडे घासत होत्या. सर तिथेच थांबले. ते काय विचार करत होते ते मला आजही सांगता येणार नाही. माणूस वाईट नव्हता. आपल्या विहिरीतून काय येतं ते त्यानं आजवर फक्त पडद्यावर पाहिलं होतं.

त्यांनी नळाखाली ओंजळ धरली, पाणी प्यायले, ओला हात तोंडावरून फिरवला.

रेणुकाबाईंनी धीर करून विचारलं, "सायब, खरं खरं सांगा. उद्या तेल निंगालं, तं आमचं पाणी बंद?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं. हेड ऑफिसचं कोणी नव्हतं.

"तेल निघणार नाही, बाई," ते हळूच म्हणाले. "खाली तेल नाहीच आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

गावातून एकच सुस्कारा बाहेर पडला. मग सर माझ्याकडे वळले, नेहमीच्या साहेबी आवाजात.

"यामिनी, लिही. चाचणी अपुरी आहे. उपसा चालू ठेवा."